चौगले सर थांबायला शिकले

अमरसिंह चौगले सर नववीच्या वर्गात इंग्रजीचा धडा घ्यायला लागले की सातवीत मला कविता थांबवावी लागायची. मधे दोन भिंती आणि एक व्हरांडा, तरी त्यांचं वाक्य न वाक्य माझ्या मुलांना ऐकू यायचं. मी माधव, याच शाळेत मराठी शिकवतो. मूळचा कोल्हापूर शहरातला, पण कोडोलीत येऊन आता एकोणीस वर्षं झाली. सर गावचेच. घरी ऊस आणि चार म्हशी. पहाटे धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं, अंघोळ करून साडेदहाच्या आत शाळेत. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, आणि बोलणं असं की मुख्याध्यापिकांच्या खोलीत सांगितलेली गुपितंही गेटवरच्या शिपायाला कळावीत.

त्यांची शिकवायची पद्धत सगळ्या तालुक्यात चालते तीच होती. इंग्रजीतलं एक वाक्य वाचायचं, लगेच त्याचं मराठी सांगायचं, मग पुढचं वाक्य. धडा संपला की फळ्यावर प्रश्न आणि खाली उत्तर. मुलांनी उतरवून घ्यायचं आणि पाठ करायचं. दहावीला इंग्रजीत आमची मुलं फारशी अडत नसत, त्यामुळे गावात सरांना मान होता. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोरगं दोन वाक्यं इंग्रजीत बोलू शकत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण कुणी तसं म्हटलंच तर ते म्हणायचे, "बोलायचं कुणासंगं हाय त्यास्नी? पेपर लिवायचा हाय."

करोनात शाळा बंद पडल्या. मुलांना फोनवरून शिकवा असा आदेश आला. बाकीचे आम्ही पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवून मोकळे झालो. चौगले सरांना तेवढ्यावर भागवणं जमेना. ते धडा आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला लागले. घरात टीव्ही, कुकर, नातवंडं, म्हणून गोठ्यात बसायचे. धडा रंगात आला की मागून म्हैस रेकायची. पोरांना त्याचीच मजा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी सर एक सोपा प्रश्न इंग्रजीत विचारायचे आणि उत्तर तसंच बोलून पाठवायला सांगायचे. पहिल्या महिन्यात तीसेक उत्तरं आली. पुढं ती कमी कमी होत गेली.

शाळा पुन्हा नीट सुरू झाली त्या दिवशी सरांनी पालकांचे सगळे नंबर फोनमध्ये एका बाजूला सारून टाकले, म्हणजे त्यांचे निरोप आले तरी समोर दिसायचे नाहीत. शिक्षकांच्या खोलीत हात झटकून म्हणाले, "सुटलो बगा. आता खडू आणि मी."

पाचेक महिन्यांनी, ऑगस्टात, आम्ही दोघं कामासाठी एसटीनं कोल्हापूरला निघालो होतो. सरांना कुठल्याशा पालकाचा नंबर हवा होता. बाजूला सारलेल्या नंबरांत ते शोधायला लागले आणि एके ठिकाणी थांबले. धोंडुबाई या नावापुढं एकसष्ट न ऐकलेले निरोप होते.

"ही कोण?" मी विचारलं.

"नववीतल्या संयोगिताची आज्जी. तिचाच फोन पोरगी वापरायची." त्यांनी पहिला निरोप कानाला लावला. मग दुसरा. मग फोन माझ्या कानाशी धरला.

बारीक आवाज होता. मुलगी इंग्रजीत सांगत होती की आज पाऊस नाही, आज्जीनं भाकरी केली, त्यांची म्हैस आजारी आहे आणि डॉक्टर उद्या येणार आहे. मधे ती अडली, मागं गेली, चुकलेला शब्द दुरुस्त केला आणि वाक्य पुरं केलं. तारीख एप्रिलची होती. सर पुढची ऐकत गेले. मेमधली वाक्यं लांब होती. जूनमध्ये तिनं नव्या वर्गाबद्दल सांगितलं होतं. जुलैत एक निरोप नुसता सरांना विचारणारा होता: मी काल जे बोलले ते बरोबर होतं का?

उतरेपर्यंत सर एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काढली, एवढा वेळ ते गप्प बसलेले मी पाहिले नव्हते.

संयोगिता म्हणजे वर्गात असून नसल्यासारखी. खिडकीपासची मागची जागा, नाव पुकारलं की नुसती मान वर. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, आईला शेतीचं काम, त्यामुळे पोरगी बरीचशी आज्जीजवळ. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. मी शेजारीच वह्या तपासत होतो.

"बाळा, शाळा चालू झाली तरी तू पाठवतच होतीस?"

"व्हय सर."

"कशापायी?"

"तुमी बंद करा म्हणला न्हवता की. म्हणून मी आपलं पाठवत ऱ्हायलो." आमच्याकडं बायका-मुलीही आलो, गेलो असंच म्हणतात.

सरांनी विचारलं, "मग वर्गात का बोलत न्हाईस? एवढं येतंय तुला."

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "वर्गात तुमी थांबत न्हाई सर. मी मनात वाक्य जुळवतो तवर तुमी मराठीत सांगून मोकळं."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

त्या आठवड्यात त्यांनी नववीच्या दोन्ही तुकड्यांना कोरा कागद दिला. नाव घालायचं नाही. फोनवर शिकलात तेव्हा काय बरं वाटलं, काय वाईट वाटलं, वर्गात काय बरं, काय वाईट, जसं मनात आहे तसं मराठीत लिहा. कागद गोळा करून ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. एकानं लिहिलं होतं, घरी तेच तीनदा ऐकता येतं, वर्गात परत विचारलं की पोरं हसतात. दुसऱ्याचं होतं, आमच्या घरात एकच फोन आहे आणि तो भाऊ कामावर नेतो, मला काहीच ऐकायला मिळालं नाही. कुणी लिहिलं होतं की फोन हातात आला की पोरं गेम खेळतात, सर, तुम्ही वर्गातच शिकवा. एका कागदावर एवढंच होतं: सरांचा आवाज फोनमध्ये कमी करता येतो.

ते वाचून सगळे हसले. सरही हसले, पण तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

मग त्यांनी आपला बेत मांडला. धडा समजावून सांगायचं काम घरच्या रेकॉर्डिंगवर टाकायचं, सात-आठ मिनिटांच्या. वर्गाचा तास मोकळा ठेवायचा आणि त्यात मुलांनी बोलायचं. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी दिलेले चार टॅब ग्रंथालयात पडून होते, ते शाळा भरायच्या आधी अर्धा तास उघडायचे. प्रशिक्षणांतून याला मिश्र अध्ययन म्हणतात हे आम्ही ऐकलं होतं. आतापर्यंत तो शब्द फक्त अहवालात भरायचा होता.

सगळ्यांत मोठा विरोध मी केला. मी म्हणालो, दोन वर्षांत मुलांचं वाचन फोननं खाल्लंय. गोष्टीचं पुस्तक दिलं तर आठ दिवसांनी न उघडता परत आणतात. आता आपणच परत फोन हातात द्यायचा? मुख्याध्यापिका नंदिनी मॅडम रोज कोल्हापुराहून येतात, बोलायला मोजक्या. त्यांना पालकांची काळजी होती. त्या म्हणाल्या, "पालक काय म्हणतील ते मला सांगा, सर."

"पालकास्नी बोलवूया की," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "माधवराव, तुमचं चुकतंय आसं मी म्हणत न्हाई. पर महिनाभर दर गुरुवारी माझ्या वर्गात मागं येऊन बसा. मग बोला."

पालकसभेला साठएक जण आले. गुंडू तात्या म्हणून एक पालक आहेत, त्यांची मुलगी नववीत. ते उभे राहून म्हणाले, "सर, दोन वर्सं आमी पोरांच्या हातातनं फोन काढून घ्यायसाठी भांडतोय आणि तुमी द्या म्हणताय. ह्ये कुठलं शिक्षण?" बऱ्याच माना हलल्या. सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात बायकांमधून धोंडुबाई उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, पदर डोक्यावर. त्या म्हणाल्या, "फोन माझा हाय. नात माझ्याम्होरं बसून बोलती. काय बोलती त्ये मला कळत न्हाई. पर आदी आडखळायची आणि आता सलग बोलती एवडं कळतंय. समोर बसा की पोरांच्या. फोन एकटा कशाला देतायसा?"

गुंडू तात्या खाली बसले. त्यांना पटलं असं नाही, पण रेकॉर्डिंग ऐकायचं ते घरातल्या मोठ्या माणसासमोर, असं ठरलं आणि सभा उठली.

मी गुरुवारी नववीच्या वर्गात मागं बसायला लागलो. पहिल्या दिवशी सर फळ्याकडं पाठ करून उभे राहिले आणि राजवीर नावाच्या मुलाला इंग्रजीत विचारलं, आज सकाळी तू काय केलंस? राजवीर उठला. वर्ग शांत. पंधरा सेकंद गेले असतील. ऐकणाऱ्याला पंधरा सेकंद किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. सरांचे ओठ हलत होते, उत्तर त्यांच्या जिभेवर आलेलं दिसत होतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. राजवीर "आय गिव्ह" म्हणाला, थांबला, छताकडं बघितलं. "आय गेव्ह ग्रास टू बफेलो." सर खुर्चीत बसले. मान हलवली आणि पुढच्या मुलाकडं बोट केलं.

तास संपल्यावर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "उसाला पाणी पाजाय एवडं जड जात न्हाई." शर्ट पाठीला चिकटला होता.

पण सगळं सरळ झालं नाही. उत्साहाच्या भरात सरांनी रेकॉर्डिंगमधून मराठी पार काढून टाकली होती. सगळं इंग्रजीत. घटक चाचणी झाली आणि नववीत अकरा मुलं नापास निघाली. आधी दोन-तीन असायची. नंदिनी मॅडमनी तपासलेले पेपर समोर ठेवले. गुंडू तात्यांची मुलगीही त्या अकरांत होती आणि ते सकाळीच येऊन बोलून गेले होते.

सरांनी पेपर एकेक करून बघितले. म्हणाले, "मॅडम, चूक माझी हाय. पोरांची न्हवं. मला एक महिना द्या."

त्यांनी त्या अकरा जणांना जवळ बसवून विचारलं. उत्तर साधं होतं. घरी अर्थ विचारायला कुणी नसतं. एवढी वर्षं वर्गात मराठी होती म्हणून मुलांना समजत होतं आणि ती गेल्यावर रेकॉर्डिंग तीनदा काय, दहादा ऐकूनही कळत नव्हतं. मग सरांनी फिरवाफिरव केली. मराठीतलं समजावणं घरच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलं, पूर्वीसारखंच वाक्यावाक्याला. वर्गात मात्र फक्त इंग्रजी, आणि तेही मुलांचं. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. त्या अकरा मुलांना सकाळी ग्रंथालयात ते स्वतः घेऊन बसायचे, धारा काढायचं काम धाकट्या भावावर सोपवून. वार्षिक परीक्षेत त्यांतले नऊ जण पास झाले. दोघं राहिले. त्या दोघांची नावं सर अजून सांगतात.

मार्चपर्यंत नववीचा वर्ग असा झाला की मी गुरुवार चुकवत नव्हतो. मुलं चुकत होती, हसत होती, एकमेकांचं दुरुस्त करत होती. उच्चार सगळे आमच्या मातीतले. संयोगिता अजून खिडकीपाशीच बसायची, पण हात वर करायची. एकदा सरांनीच वाक्याचा काळ चुकवला तेव्हा तिनं उठून सांगितलं. सर म्हणाले, "थँक यू," आणि फळ्यावरचं पुसलं. वर्गात कुणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी कोल्हापुरात इंग्रजीच्या शिक्षकांची एक मोठी बैठक होती. मिश्र अध्ययनाबद्दल शिक्षकांना काय वाटतं आणि विद्यार्थ्यांना काय वाटतं, ते दोघांच्याही तोंडून ऐकायचं असा विषय. नंदिनी मॅडमनी आमच्या शाळेचं नाव कळवून टाकलं आणि मग सरांना सांगितलं. सर नको म्हणाले. कारण मला आठवत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणात ते इंग्रजीत बोलायला उभे राहिले होते. त्यांचे उच्चार ऐकून पुढच्या ओळीतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघून तोंडावर रुमाल धरला होता. तेव्हापासून सर प्रशिक्षणात मागच्या खुर्चीवर बसायचे आणि सही करून निघून यायचे.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो. "आणि विद्यार्थ्यांकडून बोलायला संयोगिता येईलच."

सभागृहात दीडशे माणसं होती. सरांचं नाव घेतलं तेव्हा ते उठले, शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि व्यासपीठावर गेले. इंग्रजीत बोलले. त्यांच्या उच्चारांत कोडोली होतीच. त्यांनी एकसष्ट निरोपांची गोष्ट सांगितली, अकरा नापासांची सांगितली, त्यांतल्या दोघांना आपण पास करू शकलो नाही हेही सांगितलं. व्याकरणात एक-दोन ठिकाणी घसरले, थांबले, दुरुस्त करून पुढं गेले. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई लिहून घेत होत्या.

मग संयोगिताला बोलावलं. दहावीतली मुलगी, गणवेश, दोन वेण्या. बैठक चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, फोनवरचं शिकणं तुला आवडतं की वर्गातलं? ती माइकसमोर उभी राहिली आणि बोलेना. पाच सेकंद, दहा सेकंद. अधिकारी चांगले गृहस्थ होते. तिला अवघडू नये म्हणून त्यांनी माइक आपल्याकडं ओढला आणि म्हणाले, "तिला असं म्हणायचंय की..."

"थांबा साहेब," सर म्हणाले. आवाज नेहमीचा, माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ती जुळवाय लागली हाय. जरा दम धरा."

साहेब थांबले. सगळं सभागृह थांबलं.

मग संयोगिता बोलली. इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द ठेवत. तिच्या बोलण्याचा अर्थ असा: मला दोन्ही पाहिजेत. फोनमध्ये मी सरांना पुन्हा पुन्हा ऐकू शकते. वर्गात सर मला ऐकतात. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांनाही सकाळी ग्रंथालयात ऐकायला मिळतं, पण टॅब चारच आहेत आणि मुलं बावीस आहेत, त्याचं काहीतरी करा.

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण मला डोळे पुसायचे होते. सर खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं तसं मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. बाहेर आल्यावर दोघी शिक्षिका त्यांच्याकडं आल्या. आमच्या शाळेत याल का, म्हणून विचारायला.

अधिकाऱ्यांनी पुढं सहा टॅब मिळवून दिले. बावीस मुलांना तेही कमीच, पण पाळ्या लवकर येतात. गुंडू तात्यांची मुलगी दहावी झाली. तात्या अजून फोनबद्दल कुरकुर करतात, मात्र धाकट्या मुलासमोर रेकॉर्डिंग ऐकायला स्वतः बसतात. संयोगिता कोल्हापुरात कॉमर्सला आहे. परवा आली होती. आज्जी बरी आहे म्हणाली आणि सरांशी अर्धा तास इंग्रजीत बोलत बसली. मला त्यातलं निम्मं कळलं.

सर आता महिन्यातला एक शनिवार दुसऱ्या शाळांत जातात. मी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसतो. मागच्या महिन्यात पेठ वडगावला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या शिक्षकांनी रोखठोक सांगितलं, "पावणं, तुमचं समदं खरं. पर आमच्या पोरांच्या घरात फोनच न्हाईत, आणि टॅब देणारंबी कोण न्हाई."

सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मग फोनचं ऱ्हाऊ द्या. प्रश्न विचारल्यावर थांबायचं तेवडं करा. त्याला काय लागत न्हाई." त्या शिक्षकांनी मान हलवली, आणि मग दोघं पाऊण तास फळ्यासमोर उभे राहून कुठल्या धड्याला काय प्रश्न विचारता येईल ते बोलत राहिले.

परत येताना वाठारला चहाला थांबलो. कप हातात आल्यावर मी म्हणालो, "सर, तुम्ही बेत मांडला त्या वेळी सगळ्यांसमोर मी तुम्हाला आडवा आलो होतो. ते चुकलं माझं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "चुकलं न्हाई वो. तुमी आडवं आलासा म्हणून तर महिनाभर मागं येऊन बसलासा. कोणतरी बगत बसलंय म्हटल्यावर माणूस नीट करतंय."

मग त्यांनी कप ठेवला आणि विचारलं, "तुमच्या सातवीच्या कविता कधी रेकॉर्ड करायच्या?"

पुढच्या रविवारी, मी म्हणालो. गोठ्यात नको, माझ्या घरी.